घराजवळची समाधी

माझा पुतण्या अमेरिकेतून आला, की आमच्या सिंदेवाहीच्या घरात चहाचा खप वाढतो आणि माझे अज्ञान उघडे पडते. या खेपेला त्याला थोरामोठ्यांच्या कबरी पाहण्याचा नाद लागला होता. स्प्रिंगफील्डला अब्राहम लिंकनच्या समाधीपुढे त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. नशीब उघडावे म्हणून येणारा-जाणारा त्याचे नाक चोळतो. त्यामुळे चेहरा काळपट आणि नाक तेवढे लखलखीत! फोटो पाहून आम्ही पोटभर हसलो.

"काका, आपल्याकडे कोणाची समाधी आहे?" त्याने विचारले.

"चांद्याला गोंडराजांच्या आहेत की!" मी ऐटीत सांगितले.

"कशा आहेत?"

आता काय सांगणार, कपाळ! चांद्याला मी शेकडो वेळा गेलो. कचेरीत, दवाखान्यात, चैत्रात महाकालीच्या यात्रेत. अचलेश्वराला हात जोडले. पण त्या देवळाशेजारच्या समाध्यांत साठ वर्षांत एकदाही पाऊल टाकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मूलवरून जाणारी एस. टी. पकडून आम्ही तिघे निघालो.

बीरशहाची समाधी भव्य आहे. दगडी, घुमटाची, एखाद्या राजवाड्याला शोभावी अशी. ती बांधली त्याच्या राणीने, हिराईने, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी. महाकालीचे देऊळही तिचेच. पुत्र नव्हता म्हणून राजा दुसऱ्या लग्नाला निघाला आणि त्या वरातीतच हिरामण नावाच्या माणसाने त्याला ठार केले, असे सांगतात. पुढे हिराईने रामशहाला दत्तक घेतले आणि तो लहान असेतो राज्य स्वतः सांभाळले.

"सवत आणायला निघालेल्या नवऱ्याला एवढी समाधी?" आमची ही फणकाऱ्याने म्हणाली. "मी असते, तर साधा चौथरासुद्धा घातला नसता!"

मी घुमटाकडे पाहू लागलो. काही प्रसंगी स्थापत्यशास्त्रात रस घेणेच शहाणपणाचे असते. थोड्या वेळाने पाहतो, तर ही भिंतीला तळवा टेकून उभी. मी हाक मारली, तरी हलली नाही.

परतताना पुतण्याला बाबुराव शेडमाक्यांबद्दल सांगितले. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या या गोंड जमीनदाराला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. लिंकनच्या खुनाआधी साडेसहा वर्षे. तुरुंगाच्या आवारात पिंपळ आहे. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे अभिवादनाला जमतात.

"वय किती होतं?"

"पंचवीस."

"माझ्याहून दोन वर्षांनी लहान," तो म्हणाला आणि मूल येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला.

घरी पोहोचताच हिने भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले, चष्मा लावला आणि ऑक्टोबरचे पान उघडून एकवीस तारखेवर पेन्सिलीने खूण केली.