आम्ही कॅमेरा घेतों

आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर कैलासवासी तीर्थरूपांचें जें छायाचित्र आहे, त्यांत त्यांच्या उजव्या खांद्यावर एका परक्या माणसाचीं चार बोटें दिसतात. तीर्थरूप गेले त्या दिवशीं घरांत त्यांचें दुसरें एकही धड चित्र सांपडलें नाहीं. शेवटीं कुणाच्या तरी लग्नांतील समूहचित्रांतून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घ्यावा लागला. तीं बोटें कुणाचीं, हें आम्हांला आजतागायत कळलेलें नाहीं. आमच्या मातोश्री आतां त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. गेल्या दिवाळींत त्या भिंतीकडे पाहून त्या सहज म्हणाल्या, “माझा फोटो काढशील तेव्हां एकटीचा काढ रे बाबा.” पन्नाशी उलटल्यावर आम्ही कॅमेऱ्याच्या नादीं लागलों तें हौसेखातर नव्हे, हें वाचकांनीं प्रथम लक्षांत घ्यावें.

“खिशांतल्या फोनला काय धाड भरली आहे?” असा प्रश्न सौभाग्यवतींनीं केलाच. तो प्रयोगही आम्हीं करून पाहिला. परंतु त्या चतुर यंत्रानें मातोश्रींच्या सुरकुत्यांवरून अशी कांहीं इस्त्री फिरविली कीं, चित्र पाहून त्यांनींच विचारलें, “ही कोण?” त्यानंतर फोनची बाजू कुणी घेतली नाहीं.

आमच्या जिल्ह्याचें नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें, तरी आमच्या तोंडांत अद्याप नगरच बसलेलें आहे. त्या नगरांतील एका दुकानांत आम्ही एका संध्याकाळीं पायरी चढलों. “बजेट किती? मेगापिक्सेल किती?” या दोन प्रश्नांनींच आमची गाळण उडाली. तीस वर्षें तोंडी परीक्षा घेणाऱ्यानें एकदां तरी परीक्षार्थीच्या खुर्चीत बसावें. फार उपकारक अनुभव आहे. दोन भिंगें, पिशवी, तिपाई असा सगळा संच आमच्या गळ्यांत पडणार, इतक्यांत “सर, आपण इकडे कुठें?” असा आवाज आला. आमचा एक जुना विद्यार्थी मागें उभा होता. आमच्या विषयांत तो दोनदां नापास झाला होता. आतां राहुरी-श्रीरामपूरकडे लग्नांचीं छायाचित्रें काढून तो उत्तम संसार करतो. त्यानें आम्हांला बाहेर काढलें आणि समोरच्या चहाच्या दुकानांत आमची शिकवणी सुरू केली.

“सर, चित्र केवढें टांगायचें?” हा त्याचा पहिला प्रश्न. आम्ही म्हणालों, बारा इंच रुंद, अठरा इंच उंच. तेव्हां त्यानें हिशेब मांडला. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत एका बाजूस ६००० व दुसऱ्या बाजूस ४००० ठिपके मिळतात. इंचाला ३०० ठिपके धरले तर वीस इंच बाय तेरा इंच चित्र स्वच्छ छापतां येतें. “त्याहून अधिक मेगापिक्सेलचें तुम्हांला काम नाहीं. उरलेले पैसे भिंगाला लावा.” कॅमेऱ्याबरोबर येणारें १८–५५ चें भिंग पूर्ण पुढें नेलें असतां त्याचें दार एफ ५.६ पेक्षां मोठें उघडत नाहीं. पन्नास मिलिमीटरचें साधें भिंग मात्र एफ १.८ पर्यंत उघडतें, म्हणजे जवळजवळ साडेनऊपट प्रकाश आंत घेतें. आमच्या माजघराच्या एकुलत्या एका खिडकीची आम्हांला आठवण झाली. मातोश्री दिवसभर तिच्याचपाशीं बसतात.

त्यानें आणखी एक धोक्याची सूचना दिली. निकॉनच्या डी-३५०० सारख्या लहान कॅमेऱ्यांत भिंग फिरविणारी मोटर नसते. म्हणून जुनें, मोटर नसलेलें भिंग स्वस्त मिळालें तरी त्यावर नेम आपोआप बसत नाहीं, तो हातानें बसवावा लागतो. शिवाय कारखानदारांचें लक्ष आतां आरशाविना चालणाऱ्या कॅमेऱ्यांकडे वळलें असल्यामुळें आरशाचे कॅमेरे वापरलेले घ्यावे. मात्र झडप किती वेळां उघडली आहे तो आंकडा आधीं पाहावा. २०१८ सालीं बाजारांत आलेला एक डी-३५०० त्यानेंच पारखून दिला. दादासाहेब फाळक्यांनीं विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ सालीं लंडन गांठलें आणि विल्यमसन कॅमेरा आणला, ही कथा आम्हीं घरीं ऐकविली. “त्यांनीं पुढें ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तुम्ही काय काढणार?” एवढेंच सौभाग्यवती म्हणाल्या.

पहिली परीक्षा चांदबिबीच्या महालावर झाली. वस्तुतः ती सलाबतखानाची कबर. पण नगरकर कुणाच्या बापाचें ऐकतात? चाळीस चित्रें घेतलीं. बहुतेकांत ती अष्टकोनी इमारत धुक्यांत बुडालेली, आणि पुढचें गवताचें एक पातें मात्र लख्ख! यंत्राच्या मर्जीवर सोडलें तर तें बहुधा जवळची वस्तु पकडतें. नेम आपणच धरावा लागतो, हें त्या गवतानें शिकविलें.

महिनाभर असा सराव झाल्यावर एका रविवारीं सकाळीं मातोश्री ठेवणींतलें नऊवारी नेसून खिडकीपाशीं बसल्या. आम्हीं त्यांच्या डोळ्यावर नेम धरला. या कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेला प्रकाश आरशावर पडून आपल्या डोळ्याकडे वळतो. कळ दाबतांच आरसा उचलला जातो आणि निमिषभर सारें काळें होतें. ज्या क्षणाचें चित्र निघतें, नेमका तोच काढणाऱ्याला दिसत नाहीं. मातोश्री हंसल्या त्या त्याच क्षणीं, हें आम्हांला मागाहून चित्रांतच कळलें.

छापून आणलेलें चित्र त्यांनीं चष्मा पुसून पुष्कळ वेळ पाहिलें. सुरकुत्या जागच्या जागीं होत्या. मग उजव्या खांद्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “ह्या खेपेला कुणाचा हात नाहीं हो.”

दुकानदारानें चौकट कधीं करूं म्हणून दोनदां विचारलें. आम्हीं सांगितलें, घाई नाहीं. चित्र कपाटांत आहे, आणि तें तेथेंच पुष्कळ वर्षें पडून राहावें अशी आमची इच्छा आहे.