शोषलेलं सीरम

हात थरथरू लागल्यापासून मी पिपेट सोडलं. डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत आता विद्यार्थिनी सीरम शोषते, मी शेजारी बसते. तिचा हात सफाईदार आहे. पण सीरममध्ये बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू दोनदा कालवले की ती थांबते. मी थांबत नसे.

अँथ्रॅक्सचा जंतू अँथ्रासिस, सेरियस आणि थुरिंजिएन्सिस ही बॅसिलस कुळातली सख्खी भावंडं. तिघांच्याही बीजाणूंवर एक्झोस्पोरियम हे बाहेरचं आवरण, त्यावर बारीक लव. सशाला थुरिंजिएन्सिस टोचलं तरी त्याचं सीरम सेरियसलाही चिकटतं. फक्त थुरिंजिएन्सिस ओळखणारं सीरम हवं, म्हणून त्यात सेरियस घालायचं, फिरवायचं, गाळ टाकायचा, पुन्हा घालायचं; हेच शोषणं. प्रत्येक फेरीत नकोशा अँटिबॉडी जातात आणि हव्या असलेल्याही थोड्या. टायटर, म्हणजे सीरमची ताकद, घसरतं. कुठे थांबावं, हे मला आजही नेमकं सांगता येत नाही. शिवाय थुरिंजिएन्सिसच्या बीजाणूंसोबत प्रथिनाचे स्फटिक येतात. धुण्यात ते राहिले, तर सीरम सेरियसला टाळतं आणि आपण खूश होतो. पण ओळखलेला असतो स्फटिक, बीजाणू नव्हे.

परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वाताचं अँटिटॉक्सिन बनवत, त्या कामाचा मला हेवा वाटे. तिथे विष एक, प्रथिन एक. मातीतल्या बीजाणूला ते सीरम हातही लावत नाही.

2004 साली अँथ्रॅक्सच्या बीजाणूवरच्या लवेत अँथ्रोज ही साखर सापडली, तेव्हा हाच तो ठसा असं अनेकांना वाटलं. पुढे ती काही सेरियस-थुरिंजिएन्सिसमध्येही निघाली, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या काही अँथ्रासिसमध्ये नव्हतीच. अँटिबॉडीला साखरेचे दोन-चार खडे कळतात, जंतूचं नाव कळत नाही. म्हणून जंतू ओळखणाऱ्या पट्टीच्या चाचण्यांवर ‘अचूक’ छापलेलं दिसलं की मला राग येतो. किती शेजारी जंतूंवर तपासली, ते आधी छापा.

माझ्या सीरमचा मला फार अभिमान होता. बाटल्यांवर नाव मी स्वतः लिहायची. ठाण्याहून कुणी मागितलं तर गरजेपेक्षा थोडं कमी द्यायची, पुन्हा मागायला यावं म्हणून. ते मागणं मला आवडायचं, अजूनही आवडतं.

परवा विद्यार्थिनीने कल्याणहून, उल्हास नदीकाठच्या मातीतून एक बॅसिलस वेगळा केला. आमचं सीरम त्यालाही चिकटलं. ‘मॅडम, हाच वापरून शोषू का?’ तिने विचारलं. मी हो म्हटलं, आणि टायटर किती उरतं ते लिहून ठेवायला सांगितलं.