त्या वर्षाआधीचा स्वीडन

28 फेब्रुवारी 1986, शुक्रवार. स्वीडनच्या पंतप्रधानांनी त्या संध्याकाळी ऐनवेळी सिनेमाला जायचं ठरवलं. अंगरक्षकांना त्यांनी दिवसाच घरी पाठवून दिलं होतं. ओलोफ पाल्मे आणि त्यांची पत्नी लिस्बेट स्टॉकहोमच्या जुन्या शहरातल्या घरातून निघाले, भुयारी रेल्वेत बसले आणि चारचौघांसारखी तिकिटं काढून ग्रँड थिएटरात गेले. मुलगा आणि त्याची मैत्रीण तिथे भेटले. सिनेमा सुटल्यावर ती दोघं एका दिशेला गेली आणि हे नवराबायको स्वेआवेगेन या हमरस्त्यावरून चालत घराकडे निघाले. 11 वाजून 21 मिनिटांनी टुनेलगाटनच्या कोपऱ्यावर एकाने मागून येऊन पाल्मेंच्या पाठीत गोळी घातली. दुसरी गोळी लिस्बेटना चाटून गेली. मारेकरी गल्लीत पळाला, जिना चढला आणि नाहीसा झाला. मध्यरात्र उलटल्यावर सहा मिनिटांनी रुग्णालयात पंतप्रधान मृत घोषित झाले. ते 59 वर्षांचे होते.

बाबा त्या रात्री तिथून दोन-अडीच तासांच्या अंतरावर, सँडविकेन नावाच्या पोलादाच्या गावात झोपलेले होते. पुण्यात दापोडीच्या रस्त्याला स्वीडिश कंपन्यांचे कारखाने आहेत, त्यांतल्या एकात ते टूलरूममध्ये होते. कंपनीने जानेवारीत त्यांना वर्षभराच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. मी तेव्हा शाळेत होतो. निळ्या एअरोग्रामवर, कडेकडेपर्यंत भरलेल्या बारीक अक्षरात त्यांची पत्रं यायची आणि आई ती मोठ्याने वाचायची. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातलं पत्र मात्र तिने आधी मनात वाचलं.

त्यात होतं, की शनिवारी सकाळी घरमालकीण जिन्यात बसून होती आणि रेडिओवर नुसतं शोकसंगीत चाललं होतं. सोमवारी कारखान्यात मशिनं सुरू झाली, पण कोणी कोणाशी बोललं नाही. पुढच्या रविवारी एक सहकारी त्यांना स्टॉकहोमला घेऊन गेला. त्या कोपऱ्यावर लाल गुलाबांचा माणसाच्या कमरेइतका ढीग होता आणि लोक अजून रांगेत येत होते. कडाक्याची थंडी, हातात एकेक फूल, आणि घोषणा एकही नाही.

परतीच्या वाटेवर त्या सहकाऱ्याने बाबांना विचारलं, तुमच्या पंतप्रधानांना दीड वर्षापूर्वी मारलं, तेव्हा तुम्ही लोकांनी काय केलं? बाबांच्या डोळ्यांपुढे 31 ऑक्टोबर 1984 नंतरची दिल्ली आली असणार. जळणारी घरं, शोधशोधून मारलेले शीख. आम्ही पुण्यात होतो, आमच्या हातून काही झालं नव्हतं, पण बाबांना त्या गाडीत उत्तर देता आलं नाही. पत्रात त्यांनी एवढंच लिहिलं, की मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. ते पत्र मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी त्या ओळीवर थांबलो आहे.

त्या फेब्रुवारीने स्वीडनचं आणखी एक माणूस नेलं होतं. 1 तारखेला, 84 वा वाढदिवस होऊन एक दिवस झाला असताना, आल्वा मिरदाल गेल्या. पन्नाशीच्या दशकात दिल्लीत स्वीडनच्या राजदूत म्हणून राहिलेल्या, आणि पुढे नि:शस्त्रीकरणाच्या कामासाठी 1982 चा शांततेचा नोबेल मिळालेल्या. पाल्मेंचंही तेच ध्येय. जानेवारी 1985 मध्ये ते दिल्लीत सहा देशांच्या परिषदेला आले होते, अण्वस्त्रं थांबवा असं सांगणारा दिल्ली जाहीरनामा त्या परिषदेने काढला. 15 मार्चच्या त्यांच्या अंत्यविधीला राजीव गांधी गेले होते. बाबांनी त्यांना टीव्हीवर पाहिलं आणि परक्या मुलुखात घरचं कोणी आल्यासारखं वाटलं म्हणून लिहिलं. नऊच दिवसांनी, 24 मार्चला, भारताने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी 410 तोफांचा करार केला. पुढच्या वर्षी स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी फोडली आणि आपल्याकडे त्या देशाचं तेवढंच नाव उरलं. वाड्यात, बसमध्ये, कीर्तनातसुद्धा बोफोर्स. बाबा तेव्हा परत आले होते. कोणी हसून विचारलं, काय हो, तुमचा स्वीडन? तर ते गप्प बसत. त्यांच्याजवळ जो स्वीडन होता तो कुणाला ऐकायचाच नव्हता.

एप्रिल आला. 28 तारखेच्या सोमवारी सकाळी फोर्समार्कच्या अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे किरणोत्साराचा भोंगा वाजला. आपल्याच केंद्रात गळती झाली असावी असं वाटून बहुतेकांना बाहेर काढलं. पण गळती नव्हतीच. बुटांना लागलेलं ते बाहेरून, ओल्या गवतातून आलं होतं. वाऱ्याची दिशा मागे मागे शोधत शास्त्रज्ञ सोव्हिएत संघापर्यंत पोचले, स्वीडनने मॉस्कोला विचारलं, आणि रात्री मॉस्कोच्या टीव्हीने मोजक्या वाक्यांत चेर्नोबिलचं नाव घेतलं. तिथल्या अणुभट्टीत स्फोट होऊन तोवर दोन दिवस उलटले होते. अकराशे किलोमीटरवरून आलेल्या त्या ढगाला त्याच रात्री येव्ले शहराच्या परिसरात पाऊस भेटला. येव्ले सँडविकेनच्या शेजारी. चेर्नोबिलमधून बाहेर पडलेल्या सीझियम-137 या किरणोत्सारी द्रव्यापैकी सुमारे 5 टक्के स्वीडनवर पडलं, त्यातलं पुष्कळसं या पट्ट्यात.

बाबा त्या पावसात भिजले होते. वसंतातला पहिला पाऊस म्हणून मुद्दाम छत्री न घेता फिरून आले होते. हे आईला त्यांनी कित्येक वर्षांनी सांगितलं. पत्रात सांगितलं ते गाईंचं. सहा महिने गोठ्यात कोंडलेल्या गाई मे महिन्यात कुरणात सोडतात तेव्हा त्या वासरांसारख्या उड्या मारतात आणि गावकरी पोरांना घेऊन बघायला जातात. त्या वर्षी हुकूम आला, गाई आतच ठेवा. गवत हिरवंगार होतं. गाई आत हंबरत होत्या.

उत्तरेत सामी लोकांचं याहून वाईट झालं. त्यांचे रेनडियर हिवाळ्यात दगडफूल खातात. दगडफुलाला मुळं नसतात, ते सगळं पाऊस-वाऱ्यातूनच शोषतं, म्हणून किरणोत्सारही त्यात सर्वांत जास्त साठला. सरकारने मांसासाठी किलोला 300 बेकरेल ही मर्यादा घातली आणि त्या हंगामातलं बरंचसं मांस तिच्या कितीतरी पुढे गेलं. ते मिंक आणि कोल्ह्यांच्या पैदासशाळांना खाऊ घातलं. पुढच्या वर्षी मर्यादा 1500 वर नेली. सरकारने नुकसानभरपाई दिली, हे खरं. पण ज्या समाजाचं खाणं, पांघरूण, गाणं, नातं सगळं एका जनावराभोवती फिरतं, त्याला त्याच्या हातचं मांस कोल्ह्यांपुढे टाकायला लावणं, याची भरपाई कशाने करायची?

तो सहकारी हिवाळ्यात बाबांना म्हणाला होता, ऑगस्टमध्ये तुला जंगलात नेतो, पिवळी अळंबी आणि ब्लूबेरी गोळा करू. त्या देशात कुणाच्याही रानात कुणीही जाऊन फळं-अळंबी वेचू शकतो, तो प्रत्येकाचा हक्क आहे. ऑगस्टमध्ये ते गेले. सवयीने त्याच्या बायकोने बादली घेतली होती. झाडांखाली अळंबी भरपूर होती. तिघं तासभर हिंडले आणि काही न वेचता परत आले.

त्या वर्षाबद्दल लिहिणारे पाल्मेंच्या खुनाचा तपास लिहितात. लिहिण्यासारखा तो आहेच. पोलिसांनी घातलेलं कडं अपुरं होतं, दोन्ही गोळ्या वाटेवरच्या लोकांना सापडल्या, 1989 मध्ये एकाला शिक्षा झाली आणि त्याच वर्षी अपिलात तो सुटला, शंभराहून अधिक जणांनी खून आपणच केल्याचं सांगितलं. 10 जून 2020 ला सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केलं, कारण ज्याच्याकडे त्यांनी बोट दाखवलं तो 2000 सालीच मेला होता. बाबांनी ती बातमी माझ्या फोनवर पाहिली. म्हणाले, "मग आता विचारायचं कुणाला?" आणि फोन परत दिला.

मला वाटतं, कोणी मारलं याहून बाबांना दुसरंच काही लागलं होतं. त्यांनी त्या देशाचे जानेवारी आणि फेब्रुवारी पाहिले होते. पंतप्रधान भुयारी रेल्वेत बसतो आणि कोणी वळून बघत नाही, पाऊस म्हणजे नुसता पाऊस, हे त्यांनी दोन महिने अनुभवलं होतं. आज येव्लेच्या भागात रानडुकराची शिकार केली की मांस तपासणीला पाठवतात, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. नंतर जन्मलेल्यांना काही गेलं असं वाटायचं कारण नाही. जे गेलं ते ज्यांनी पाहिलं होतं, ती माणसं एकेक करून जातात, आणि मग काही हरवलं होतं हेही कुणाला ठाऊक राहत नाही. माझ्या मुलाच्या बाबतीत मी हे रोज बघतो. बाबा गेले तेव्हा तो तान्हा होता. बाबांची खिडकीजवळची जागा त्याच्यासाठी खेळायला मोकळी जागा आहे, आणि त्याने तिथे खेळावंच.

बाबा गेल्याचं मी त्या सहकाऱ्याच्या जुन्या पत्त्यावर कळवलं. उत्तर त्याच्या मुलीचं आलं. तिचे वडील आधीच गेले होते. तिचा जन्म 1987 चा. तिने विचारलं होतं, तुमच्या वडिलांनी पत्रांत आमच्या घराविषयी काही लिहिलं आहे का? मी एकेक पत्र काढून त्यातला मजकूर तिला इंग्रजीत लिहून पाठवू लागलो. पहिलंच जानेवारीचं होतं. त्यात बाबा बँडीचा, म्हणजे बर्फावर चेंडूने खेळायच्या हॉकीचा, सामना बघायला गेल्याचं सांगतात, आणि म्हणतात की हा माझा मित्र गाडी चालवताना सबंध वाटभर मोठमोठ्याने गात असतो, आवाज चांगला आहे. तिने त्याच रात्री उत्तर पाठवलं. आपण वडिलांना गाताना कधी ऐकलं नाही, असं तिने लिहिलं होतं, आणि पुढची पत्रं लवकर पाठवा म्हणून.