पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट

आप्पा दुकानात शिरले ते पैज जिंकल्यासारखे. “भाऊ, माहा चष्मा सुटला! पेपर उघड्या डोयानं वाचतो.” वय ६८, लायसनची मुदत संपत आलेली. माझ्याकडून त्यांना हवी होती फक्त एक चिठ्ठी, म्हणजे डॉक्टर लायसनच्या वैद्यकीय दाखल्यावर, नमुना १-अ वर, फार न विचारता सही करतील.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, यावलला चष्म्याचं दुकान चालवतो. त्या दाखल्यावर सही माझी चालत नाही, नोंदणीकृत डॉक्टरचीच लागते. पण “आधी डोळे तपासून या” म्हटलं की माणूस माझ्या पायरीवर येतो. चाळिशी ओलांडली की हा दाखला लागतो. चष्म्याला आपण चाळिशीच म्हणतो, हा योगायोग नियम करणाऱ्यांना ठाऊक नसावा. २०१९च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न ओलांडलेल्याचं लायसन पाचच वर्षांसाठी वाढतं, आणि मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते. म्हणून लोक घाईत असतात.

१९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या या नमुन्यात डोळ्यांचा मुख्य प्रश्न साधा आहे : चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? चष्मा असेल तर तो लावून. मोटारीच्या प्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच. हिशेब मांडला तर आमच्या तक्त्यावर ही नजर ६/९ आणि ६/१२ या दोन ओळींच्या मधे कुठेतरी येते. म्हणजे प्रश्न वाईट नाही. फक्त तो विचारायला कुणी खुर्चीवरून उठत नाही. माझी खोली तीन मीटरची, आरसा लावून सहा मीटर केलेली. आधीच्या माणसाची अक्षरं बाकावर बसून ऐकलेला पुढचा माणूस शेवटची ओळ परवचा म्हटल्यासारखी म्हणून दाखवतो. त्याला मी तीन पायांचा ‘ई’ दाखवतो. तोंड कोणीकडे ते बोटानं सांगायचं; तिथे पाठांतर चालत नाही.

आप्पांचा उजवा डोळा ६/१८ वर अडकला, डावा ६/१२ वर. मग मी त्यांना पायरीवर आणलं. तिथून समोरचा विजेचा खांब टेपनं मोजून बरोबर पंचवीस मीटर आहे. खांबाशी एक पांढरी गाडी उभी होती.

“एमएच १९,” आप्पा झटकन म्हणाले.

“ते तर जळगाव जिल्ह्यातला कुणीही न बघता सांगेल. पुढचं सांगा.”

पुढचे चार आकडे आले नाहीत. ट्रायल फ्रेममध्ये उणे दीडची काच घातल्यावर आले.

चष्मा सुटण्याचं कारण असं. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा पिकायला लागला की भिंगाची ताकद वाढते आणि डोळा उणे नंबराकडे सरकतो. जवळचं आयतं दिसू लागतं, लांबचं धूसर होतं. गावात याला पुण्याई म्हणतात. आमच्या पुस्तकात हा मोतीबिंदूचा एक टप्पा आहे. काच लावून दिवसाची नंबरप्लेट वाचता येते, दाखला मिळतो, आणि सगळं कायदेशीर होतं.

पण आमचा रस्ता रात्रीचा आहे. यावलमधून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग जातो. केळीची कटाई दिवसा होते, भरलेले ट्रक अंधारात निघतात, आणि मधे एखादी ट्रॉली मागच्या दिव्याशिवाय चाललेली असते. त्या फॉर्मात रातांधळेपणाचा प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर डॉक्टरनं आपल्या मतानं द्यायचं. समोरच्या दिव्यांनी किती दिपतं, हे कुणी विचारत नाही. मी तक्त्याच्या शेजारी मोबाइलचा टॉर्च डोळ्यांवर रोखला. नवी काच लावून ६/९ वाचणारे आप्पा ६/२४ वर आले. पिकलेलं भिंग उजेड विखरतं. काच कितीही महाग घ्या, हे विखुरणं ती थांबवत नाही. इकडे शेजारच्या भुसावळात लोको पायलट व्हायला निघालेल्या पोराला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी ६/६ लागतं, ठिपक्यांतले रंगीत आकडे ओळखावे लागतात. रेल्वेला रूळ आहेत, तरी ही कसून तपासणी. रस्त्यावर रूळही नाहीत.

आमच्या धंद्याचंही सांगतो. एक पिकअपचा ड्रायव्हर बाहेरगावच्या दुकानातून उणे पाचचा चष्मा करून आला, डोकं दुखतं म्हणून. नंबर बरोबर होता. बाहुल्यांमधलं अंतर ६० मिलिमीटर, काचांचे मध्य ६८ वर. पट्टी धरायला दोन मिनिटं लागतात, ती कुणी दिली नव्हती. कॉम्प्युटरवर निघालेला आकडा ही सुरुवात असते. मशीनची पावती पाहून सरळ काच कापणाऱ्याकडून उठून यावं. लायसनसाठी चष्मा करणार असाल तर नंबराची चिठ्ठी लिहून मागा, त्यावर बाहुल्यांचं अंतरही. आणि साखर तीनशेवर असेल तर त्या आठवड्यात नंबर काढूच नका. साखर उतरली की नंबरही बदलतो. गिऱ्हाईक परत पाठवणं जिवावर येतं, पण पाठवतो.

आप्पांनी चिठ्ठी हातात घेतली. “मोतीबिंदू नका लिहू ना भाऊ. नुसता नंबर लिहा.” मी दोन्ही लिहिलं. ते रागानं गेले, चष्मा मात्र करून गेले. मुलाला मी सांगितलं, दिवे लागल्यावर चावी तू घे, आणि ऑपरेशनचं बघा.

पंधरा दिवसांनी चष्मा नाकावर ठेवून तेच पायरीवर उभे. खांबाजवळच्या गाडीचे चारही आकडे त्यांनी विचारायच्या आत वाचून दाखवले, आणि म्हणाले, “आता मले दिसते. त्या ट्रॉलीवाल्यायले मागून लाल दिवा लावायले कोन सांगीन?”