कोठार एक, खिडक्या अनेक

विकत घ्यायच्या वस्तूची निवड सोपी असते. खिशात हात घातला की निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात. उरलेल्यांपैकी निम्मे आमच्या सौ.ला पसंत पडत नाहीत, आणि शेवटी जो एक उरतो तो दुकानदाराकडे शिल्लक नसतो. निवड संपली! खरी पंचाईत होते ती फुकटच्या वस्तूंची. तिथे किंमत नाही, म्हणून घासाघीस नाही. घासाघीस नाही, म्हणून आपण काही कमावलं असं समाधान नाही. नुसती निवड करत बसायचं. ओपन सोर्स डेस्कटॉपवर 'गिट'साठी चित्रमय क्लायंट निवडायला बसलो तेव्हा मला हे ज्ञान प्राप्त झालं.

'क्लायंट' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वकिलाच्या बाकावर बसलेला, हातात पिशवी धरलेला, घाबरलेला माणूस येतो. इथे मात्र क्लायंट म्हणजे संगणकावरची खिडकी आणि घाबरलेला माणूस म्हणजे आपण. वाटणी जरा उलटी आहे, एवढंच.

आता निवृत्त माणसाला ही उठाठेव कशाला, असं तुम्ही विचाराल. सौ.नेही विचारलं होतं. त्याचं कारण म्हणजे आमचे दादा. दादा देवरुखजवळ गावी असतात, मी पुण्याला. जन्मभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक वही घातली. घरातले, गोठ्यातले, शेतीभातीचे शब्द. व्हायन, घिरट, रोवळी, इरलं, तरवा, दाढ. दाढ म्हणजे दुखते ती नव्हे. भाताचा तरवा जिथे पेरतात तो तुकडा. वस्तू अडगळीत गेली की तिचं नाव पाठोपाठ जातं. घरोघर गिरणीचे तांदूळ येऊ लागल्यावर भात भरडायचं घिरट कोण फिरवणार? दादा म्हणतात, "शब्द आपल्या आधी जातात की आपण शब्दांच्या आधी, एवढाच आता प्रश्न आहे. तू टाइप करायला घे."

मी घेतलं. मग ईमेलवरून फायलींची ये-जा सुरू झाली. 'शब्द-अंतिम', 'शब्द-अंतिम-नवीन', 'शब्द-अंतिम-दादांनी-पाहिलेली' आणि शेवटी 'शब्द-खरोखर-अंतिम-२'. दोघांकडे मिळून अंतिम फायली अकरा झाल्या आणि कुठल्या फायलीतला 'मांगर' खरा हे दोघांनाही सांगता येईना. तेव्हा दादांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, बंगळूरहून आला आणि दोघांच्याही संगणकांवर लिनक्स, त्यावर केडीईचा डेस्कटॉप आणि त्यात गिट घालून गेला.

गिट म्हणजे काय, हे त्याने मला तीनदा समजावलं. चौथ्यांदा मीच त्याला समजावलं. म्हटलं, "हे बघ, आपल्या जमिनीचा सातबारा असतो ना, तो आज काय आहे ते सांगतो. आणि फेरफार असतो, तो हे असं कसं झालं ते सांगतो. तुझं गिट म्हणजे फेरफाराचं रजिस्टर. कोणी, कधी, काय बदललं, सगळं नोंदवलेलं. जुनी नोंद खोडायची नाही, नवी घालायची."

"काका, तुम्हाला कळलं!" तो म्हणाला. त्याच्या आवाजातलं आश्चर्य मी मनाला लावून घेतलं नाही.

आता हे फेरफार घालायचे कसे? पुतण्याचं मत: "काका, टर्मिनलवर चार कमांड शिका, बास." काळी पाटी, पांढरी अक्षरं, शाळेतल्यासारखंच. पण पहिल्याच दिवशी मी 'घिरट' नावाची फाईल केली आणि गिटची खबरबात विचारली, तर पाटीवर फाईलच्या नावाच्या जागी ३४०, २४४, २३० असे आकडे उमटले. एका अक्षराला तीन! घ, त्याची वेलांटी, र आणि ट मिळून बारा आकडे. घिरटाचं नाव माझ्या पेन्शनच्या खात्याच्या नंबरापेक्षा लांब झालं. इंग्रजीपलीकडची अक्षरं नावात दिसली की गिट ती अशी आकड्यांत मांडतं. 'कोअर डॉट कोटपाथ' नावाची एक कळ बंद केली की सरळ दिसतात. पुतण्याने ती फोनवरून बंद करवली. पण दादांनी तेवढ्यात ऐकलं होतं. "आपले शब्द वाचवायला निघालात, आणि पहिल्या दिवशी आकडे? मला डोळ्यांना दिसेल असं काही तरी बघ."

झालं. मी खिडक्या बघायला लागलो. आमच्याकडे पूर्वी मुलगी दाखवायचे, तसा हा कार्यक्रम दोन आठवडे चालला. फरक इतकाच की कांदेपोहे प्रत्येक वेळी मलाच मिळत होते.

पहिली दोन स्थळं गिटच्याच घरातली: गिटके आणि गिट-गुई. एक इतिहास दाखवतं, दुसरं नोंदी घालून देतं. साधी, करड्या रंगाची, कष्टाळू माणसं. नटणं-मुरडणं नाही, घरचं वळण सरळ. माझं जवळजवळ ठरलंच होतं. पण ही दोघं 'टीके' नावाच्या जुन्या साधनावर बांधलेली आहेत आणि आमच्या यंत्रावर त्याला जोडाक्षरांचं वावडं निघालं. 'व्हायन' मधला व पाय मोडून एकीकडे, ह दुसरीकडे. 'घिरट' मधली वेलांटी घ च्या डोक्यावरून उतरून पलीकडे जाऊन उभी! चाळीस वर्षं ऱ्हस्वदीर्घासाठी पोरांचे कान पिरगाळलेल्या दादांना मी हे दाखवणार होतो? त्या वयात त्यांना धक्का बसू नये अशी डॉक्टरांची सूचना आहे.

ग्नोम नावाच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या गोतावळ्यातलं एक आहे, त्याचं नाव 'गिटजी'. नावातच 'जी' असल्यामुळे मी आदराने पाहिलं. अक्षरं स्वच्छ, वागणं मोजकं. पण केडीईच्या घरात आल्यावर ते पाहुण्यासारखं अवघडून बसतं. मेनू कुठे आहे ते विचारावं लागतं.

केडीईच्या घरची तऱ्हा वेगळी. १९९६ साली हा प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून यांना 'के' अक्षराचं वेड. केट, कन्सोल, केडेनलाइव्ह... बारशाला कुडमुड्या जोशी बोलावल्यासारखं एकाच अक्षरावरून नाव. त्यांचं गिटसाठीचं स्थळ 'कॉमिट', तेही 'के' वरूनच. शिवाय 'डॉल्फिन' हे फायलींचं कपाट एक पुरवणी जोडली की फायलींवर बारीक खुणा करून दाखवतं: ही बदलली, ही नोंदवली. चष्मा पुसून पाहिलं तर फार उपयोगी. आणि 'केट' या लिहिण्याच्या पाटीतही अलीकडे गिटची सोय आहे. म्हणजे ज्या ताटात जेवायचं त्यातच हात धुवायची व्यवस्था. काहींना ती आवडते.

मग एक 'गिटीअप'. त्याची कुळकथा ऐकून मी जरा गंभीर झालो. 'गिटअहेड' नावाचा एक क्लायंट होता. त्याच्या कर्त्याने काम थांबवलं. सोर्स उघडा होता, म्हणून दुसऱ्या मंडळींनी तोच घेऊन, नाव बदलून, पुढे चालवला. घर पडलं, पण वासे कामाला आले.

या कथेवरून पुतण्याने मला मोठी कथा सांगितली. लिनक्सचा गाभा लिहिणारी जगभरची मंडळी २००२ पासून आपले फेरफार 'बिटकीपर' नावाच्या साधनात ठेवत होती. ते एका कंपनीचं, सोर्स बंद, पण त्यांना वापरायला फुकट. पुढे एका प्रोग्रॅमरने बिटकीपरच्या कोठाराशी बोलणारा आपला स्वतंत्र क्लायंट लिहायला घेतला. म्हणजे भांडण लागलं तेही नेमकं खिडकीवरूनच! २००५ साली कंपनीने फुकटची सोय काढून घेतली. तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच ते स्वतःचे फेरफार स्वतः ठेवू लागलं. तेच हे गिट. बिटकीपरचाही सोर्स पुढे खुला झाला, २०१६ साली. तोपर्यंत वऱ्हाड दुसऱ्या मांडवात जेवून उठलं होतं.

मी म्हटलं, "म्हणजे खिडकी कोणाची हा प्रश्न नाहीच. कोठार कोणाचं, हा प्रश्न."

"तेच तर, काका. तुमचे सगळे फेरफार त्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये आहेत. क्लायंट आज हा, उद्या तो. आत काही हलत नाही."

हे कळल्यावर माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. दोन आठवडे मी जावई शोधत होतो आणि शोधायचा होता चष्मा! चष्मा बदलला म्हणून कोणी वर्तमानपत्र नव्याने छापत नाही.

तरी चष्म्याची परीक्षा करावीच लागते. मी ती तीन प्रश्नांवर आणली. पहिला: जोडाक्षरं धड दिसतात का? दुसरा: नोंद घालण्यापूर्वी काय लिहिलं जाणार ते, जुनं तांबडं आणि नवं हिरवं करून, समोर मांडतं का? तिसरा आणि खरा प्रश्न: टाकून देण्याचं बटण कुठे आहे आणि ते दाबण्याआधी विचारतं का?

तिसऱ्याबद्दल जरा सांगतो. गिटमध्ये एकदा नोंद झालेली गोष्ट सहसा हरवत नाही. फांदी तोडली तरी नोंदीचा माग साधारण महिनाभर तरी राहतो, शोधून आणता येते. पण जे अजून नोंदलंच नाही, ते गिटला ठाऊकच नसतं. तलाठ्याकडे न गेलेला कागद हरवला तर तलाठी काय करणार? आणि नेमकी इथेच शब्दांची गंमत आहे. मूळ गिटमध्ये 'रिव्हर्ट' म्हणजे जुनी नोंद उलटवणारी नवी नोंद घालणं, रजिस्टर शाबूत. पण गिट-गुईच्या मेनूत 'रिव्हर्ट' म्हणजे अद्याप न नोंदलेलं काम टाकून देणं. विचारतं ते, नाही असं नाही. पण एक शब्द, अर्थ दोन. एक फेरफार, दुसरा केराची टोपली. शब्दांचे अर्थ जपायला बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी हे ध्यानात ठेवायलाच हवं. म्हणून आमचा नियम झाला: दहा शब्द झाले की नोंद. चहाच्या आधी नोंद. वीज गेली तर, इन्व्हर्टर आहे तोवर, आधी नोंद.

शेवटी 'गिट-कोला' घेतलं. नाव थंड पेयाचं, पण डोकं शांत ठेवतं. ते 'क्यूटी' वर बांधलेलं असल्यामुळे केडीईत घरच्यासारखं वावरतं, आणि 'व्हायन' चा पाय मोडत नाही. एका बाजूला बदललेल्या फायली, मध्ये तांबडं-हिरवं, खाली नोंदीचं कारण लिहायला जागा. निवडलेल्या ओळी तेवढ्याच नोंदता येतात. म्हणून आम्ही एका ओळीत एकच शब्द ठेवतो. दादांना पटलेला 'तरवा' आत, न पटलेलं 'इरलं' बाहेर, भिजत.

एकदा दोघांनी एकाच दिवशी 'मांगर' बदलला. दादांनी लिहिलं, "शेतातला गुरांचा गोठा." मी लिहिलं, "शेतावरचं राहण्याजोगं छप्पर." गिटने दोन्ही नोंदी पुढ्यात मांडल्या. वर सात बाण, मध्ये सात बरोबरच्या खुणा, खाली सात बाण. भांडणाला सप्तपदीचा मुहूर्त! फोनवर हाच वाद असता तर दादांनी, "तू पुण्याला जाऊन विसरलास," एवढं बोलून निकाल दिला असता. पण दोन ओळी एकाखाली एक पाहिल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आई तुझ्यासारखं म्हणायची. बाबा माझ्यासारखं. दोन्ही ठेव."

दोन्ही ठेवले. कोणत्याही खिडकीत तसं बटण असतंच असं नाही. हाताने लिहावं लागतं.

प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणारी गिटची एक आज्ञा आहे, तिचं नाव 'ब्लेम'. आमच्या घरात ही सोय लग्नापासून आहे, पण संगणकात पाहून गंमत वाटली. गिटच्या आधी गाजलेलं 'सबव्हर्जन' होतं, त्यात याच आज्ञेला दुसरं नावही होतं: 'प्रेझ', म्हणजे कौतुक. काम तेच, ओळीपुढे नाव लावायचं. दोष द्यायचा की कौतुक करायचं, हे बघणाऱ्यावर.

तेव्हा वाचकहो, क्लायंट कुठला घ्यावा असं कोणी विचारलं तर मी नाव सांगत नाही. अक्षरं धड दाखवतो तो घ्या, टाकण्यापूर्वी विचारतो तो घ्या, आणि नाही आवडला तर उद्या दुसरा घ्या. फक्त कोठाराला कुलूप कोणाचं आहे ते आधी बघा. किल्ली आपल्याकडे असली की खिडक्या हव्या तेवढ्या बदलता येतात, सौ. तर म्हणते, निदान पडदे तरी बदला.