आम् आणि नेंड

आजीचा फोन आला की रूममेट विचारायचा, "तेलगू का रे?" फर्स्ट इयरभर मी "हो" म्हणून विषय संपवायचो. मित्रांनो, ते खोटं होतं. ती कोलामी. तेलगूसारखीच द्राविडी, पण वेगळी भाषा.

मी मुकुटबनजवळच्या एका पोडावरचा. पोड म्हणजे आम्हा कोलामांची वस्ती. पहिलीतच सरकारी योजनेतून कॉन्व्हेंटच्या होस्टेलला गेलो. तिथे मराठी बोललं तरी दंड, मग कोलामीला कोण विचारतो! दिवाळीला घरी आलो की आजी कोलामीत बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायचो. शेवटी तीच माझ्याशी मराठी बोलायला लागली. २०११ च्या जनगणनेत कोलामी भाषा सांगणारे सव्वा लाखावर निघाले. वडिलांनी त्यात मलाही धरलं असणार!

सेकंड इयरला नेटवर एमेनो नावाच्या प्राध्यापकांचं १९५५ सालचं कोलामीचं व्याकरण सापडलं. सबमिशन बाजूला ठेवून वाचलं. पाणी म्हणजे 'ईर', घर 'एल्ला', झाड 'माक'. 'दोन' तर तीन प्रकारचे! पुरुष असतील तर 'इद्दर', बाया असतील तर 'ईरल', बाकी सगळं 'इंदिंग'. क्रियापद मात्र बाईला जनावरांच्या आणि वस्तूंच्या रांगेत बसवतं. (गर्ल्स होस्टेलने रागावू नये, व्याकरण मी केलेलं नाही.)

सुट्टीत घरी गेलो. आजी चुलीपाशी होती. म्हटलं, आता इम्प्रेशन मारू. 'आपण जेवू' असं कोलामीत जुळवलं आणि ऐटीत म्हणालो. आजीने भाकरी तव्यावरच सोडली आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

"मंग मी काय उपाशी राऊ?"

मी 'आम्' म्हटलं होतं. म्हणजे आम्ही, तुला सोडून. समोरच्याला धरून म्हणायचं तर 'नेंड'. मराठीत आम्ही आणि आपण आहेच की! इंग्रजीतला 'वी' डोक्यात पक्का बसलेला, दुसरं काय. त्या दिवशी तिने माझ्याकडून 'नेंड' दहादा म्हणवून घेतलं, मगच ताट वाढलं.

आता ती फोनवर मुद्दाम कोलामीतच बोलते. परवा लांबलचक काहीतरी सांगितलं, मला 'ईर' तेवढं कळलं.

"सांग, काय म्हनलं मी?"

"बोअरचं पाणी आटलं?"

चूक. नाल्याला पाणी आलं होतं.