मर्यादा आणि सीमा

एका गणितज्ञाच्या आठवणींचा मी अनुवाद केला होता. पुस्तक येऊन वर्ष झाल्यावर एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं. चार ओळी कौतुकाच्या आणि शेवटी एक शंका. दोन वक्र ‘लिमिटमध्ये’ एकच होतात, असं मूळ लेखकाने म्हटलं होतं. मी लिहिलं होतं, मर्यादेत राहिले तर ते एकच होतात. वक्रांना मी चक्क शिस्त लावली होती. ‘गणितात याला सीमा म्हणतात, ताई, पण नुसता शब्द बदलून भागायचं नाही,’ असं गुरुजींनी लिहिलं होतं.

शब्द परिभाषा कोशात सापडला असता. मी कोश उघडलाच नव्हता, कारण वाक्य समजलंय असं मला वाटलं होतं. ते जास्त लागलं. दहावीनंतर गणित सोडलेली, तुलनात्मक साहित्यात एम. ए. केलेली मी, त्रेचाळिसाव्या वर्षी कलनशास्त्र शिकायला बसले.

सुरुवात सिल्व्हेनस थॉम्पसनच्या १९१० सालच्या ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ने केली. हा माणूस आधी भीती घालवतो. चिन्हातला ‘डी’ म्हणजे किंचितसा भाग, आणि लांबट ‘एस’ म्हणजे त्या भागांची बेरीज, एवढंच. मग तो चौरस काढतो. बाजू किंचित वाढवली की दोन कडांना दोन अरुंद पट्ट्या जोडल्या जातात आणि कोपऱ्यात एक इवलासा चौरस उरतो. तो इतका लहान, की थॉम्पसन त्याला सोडून देतो.

मी तिथेच अडले. असे कोपरे मी अनुवादात रोज सोडते, पण सोडताना टोचणी लागते. इथे कुठल्या अधिकाराने सोडायचा?

उत्तरासाठी एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक उतरवून घेतलं, इंग्रजी आणि हिंदी शेजारी शेजारी. दोन पाठ समोर ठेवून वाचायची सवय जुनीच. हिंदीत प्रकरणाचं नाव ‘सीमा और अवकलज’. लॅपटॉपवर टिपणं सुरू केली: व्याख्या पिवळ्या, उदाहरणं हिरवी, पानांचे फोटो, एका टिपणातून दुसऱ्यात जाणारे दुवे. दोन महिन्यांत दीडशेच्या वर टिपणं झाली. ‘सीमा’ शोधलं की क्षणात सगळ्या जागा समोर. मग एका रविवारी प्रश्नसंग्रहातलं पहिलंच गणित घेतलं आणि पुढची ओळ सुचेना. टिपणांत सगळं होतं, माझ्यात काही नव्हतं. ती नक्कल होती, अर्थ न लागलेल्या कवितेची सुवाच्य नक्कल.

तेव्हापासून पुस्तक मिटून लिहायचं ठरवलं. प्रत्येक पायरीपुढे मराठीत कारण. सूत्रं लेटेकमध्ये टाइप करते. त्यात महिरपी कंस उघडा राहिला तर यंत्र अडून बसतं. कळपाट मराठी-रोमन-मराठी बदलताना हात मंदावतो, आणि त्या मंदपणातच विचार होतो. चुकलेलं पुसत नाही. तारीख घालून खाली ठेवते.

चौरसाचं कोडं आकड्यांनी सुटलं. बाजू ३ वरून ३.१ केली तर क्षेत्रफळ ०.६१ ने वाढतं, भागाकार ६.१. बाजू ३.०१ केली तर ६.०१. ३.००१ केली तर ६.००१. तो कोपरा म्हणजे शेपटाचा १. त्याला कुणी हाकलत नाही, वाढ शून्याकडे नेली की तो आपणच विरतो. वाढ शून्य मात्र कधीच करायची नाही, नाहीतर शून्याने भागावं लागेल. हवं तितकं जवळ जाता येतं आणि कुठे चाललोय ते नेमकं सांगता येतं, ती सीमा. मर्यादा अडवते, सीमा दिशा दाखवते.

पुढे वाचताना कळलं, भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाच्या त्या-त्या क्षणीच्या गतीला ‘तात्कालिकी गती’ म्हटलंय. ‘तात्कालिक’ मी कितीदा वापरला असेल, तोही ‘तात्पुरता’ या अर्थी.

गुरुजींना उत्तर लिहिलं: चूक मान्य, आणि सोबत चौरसाचं गणित. त्यांचं कार्ड आलं. गणित बरोबर, एका ठिकाणी अधिक चिन्ह राहून गेलंय. दुसरी आवृत्ती निघेल असं प्रकाशक म्हणत नाहीत. माझ्या प्रतीत पेन्सिलीने शब्द बदलून ठेवलाय. चिन्हाची चूकही टिपणात आहे, तारखेसकट.